वाढा, की वाढवा?

भूत, करणी, भानामती... असलं कुणी सांगायला लागलं की मी उठून जायचो. आजही जातो. चौथी शिकलेला माणूस आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. तरी पन्नास वर्षांपूर्वीची एक रात्र मला अजून उलगडलेली नाही.

नातू पुण्याला शिकतो. तिथं रात्रीची हॉटेलं, क्लब लवकर बंद करायला लावले म्हणून पोरं चिडलीत, असं परवा सांगत होता. "आजोबा, तुमच्या वेळी नगरला नाईट लाईफ होतं का हो?" म्हणाला आणि हसला. मीही हसलो. पण झोप गेली. खरं म्हणजे ही गोष्ट एकाच माणसाला सांगायची होती. तो माणूस म्हणजे माझी बायको पारू. ती मागच्या पौषात गेली. म्हणून आता तुम्हाला सांगतो.

होतं की नाईट लाईफ! बाहत्तर साल, दुष्काळाचं. कॉलेजच्या मागच्या रस्त्याला आमचं मिसळीचं हॉटेल. हॉटेल कसलं — पत्र्याची खोली, चार बाकडी, पुढं दाराऐवजी उभ्या लाकडी फळ्या. मागं आम्ही राहायचो, दोघं आणि दोन लहान मुली. कोपरगाव, श्रीगोंदा, कुठून कुठून आलेली पोरं आसपास खोल्या करून राहायची. सिनेमाचा शेवटचा खेळ सुटला की सगळी आमच्याकडं. एक वाजेपर्यंत गाणी, वाद, कपबश्यांचा आवाज.

त्यातला एक रंगा. कोपरगावकडचा, बाप नाही, घरी एकटी आई. दिवसा कॉलेज, संध्याकाळी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. अकराला सुटायचा आणि सरळ आमच्याकडं जेवायला. दारातूनच हाक — "काकू, वाढा!"

पोरं चिडवायची, "रंग्या, लोकांच्या लग्नपत्रिका छापतो, तुझी कधी?"

"खिळे रोज जुळवतो रे. पोरगी तेवढी जुळंना!"

पारू हसता हसता त्याला एक भाकरी जास्त टाकायची.

मग रस्त्यावर पोरांची मारामारी झाली आणि हुकूम आला — दहाला सगळी हॉटेलं वाढवायची. आमच्यात दुकान 'बंद कर' म्हणत नाहीत, अशुभ वाटतं. 'वाढवा' म्हणतात. हवालदार गस्तीला यायचा, फळीवर काठी आपटून म्हणायचा, "वाढवा, वाढवा!"

पोरं पांगली. रस्ता मुका झाला. पण रंगाला दहाला कसं जमणार? पारू त्याचं ताट झाकून ठेवायची. अकराला तो फळीशी येऊन हळूच म्हणायचा, "काकू, वाढा." ही एक फळी सरकवून ताट द्यायची. तो पायरीवर अंधारात बसून जेवायचा, ताट धुऊन पालथं ठेवून जायचा.

एकदा हवालदारानं फळी उघडी बघितली. मला म्हणाला, "परत दिसलं तर लायसन गेलं समज." दोन पोरी, त्यात दुष्काळ. लायसन गेलं तर जायचं कुठं?

त्यानंतर दोन रात्री रंगा आलाच नाही. पारू ताट घेऊन बसून राहायची.

तिसरी रात्र दत्तजयंतीची. थंडी. आत रॉकेलची चिमणी जळत होती. अकराचा सुमार असेल. फळीच्या पलीकडून एकच शब्द आला. हळू, दमलेला.

पारू ताट घेऊन उठली. "रंगा आला. वाढा म्हनला."

मी तिचा हात धरला. "येडी का काय? वाढवा म्हनला. हवालदार हाय."

"अहो, वाढा म्हनला. मी ऐकलं न्हवं!"

"तुझे कान गेलेत. बस खाली."

मी चिमणी मालवली. फळीच्या फटीला डोळा लावला. बाहेर पुनवेचं चांदणं, पीठ सांडल्यासारखं. पायरी मोकळी. रस्ता मोकळा, पार टोकापर्यंत. काळं कुत्रं नाही.

"गेला हवालदार पुढं," मी म्हणालो.

पंधरा दिवसांनी एक बाई आली. पांढरं कपाळ, डोक्यावर पत्र्याची पेटी. रंगाची आई. त्याच्या खोलीतलं सामान न्यायला आली होती. पारूला म्हणाली, "तुमीच का काकू?"

पारूनं तिला बसवलं. ती सांगायला लागली, तशी पारू उभीच राहिली.

"तापानं फणफणत घरी आला. दोन दिस पोटात पान्याचा थेंब ठरंना. दत्ताच्या पुनवेला अकराच्या टायमाला उठून बसला. म्हनला, काकू, वाढा. मी म्हनलं, आरं काकू कोन, मी तुजी आय. त्याचं ध्यान न्हाई. दाराकडं बघत बसला. मंग म्हनला, आय, आत दिवा हुता गं... त्यो बी मालवला. आन् आडवा झाला. पहाटं गेला."

कोपरगाव नगरहून एस.टी.नं चार तास. पोरगं अंथरुणातून हललं नव्हतं. चिमणी मी मालवली हे आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

बाई गेल्यावर पारू माझ्याकडं बघत म्हणाली, "म्हंजी वाढाच म्हनला हुता."

"न्हाई," मी म्हणालो. "वाढवाच."

तेव्हापासून तिचा स्वतःच्या कानांवरचा भरवसा उडाला. दूधवाला बोलला तरी मला विचारायची, "काय म्हनला वो?" पोरींना वाटायचं आईला कमी ऐकू येतं. मला माहीत होतं तिला सगळं ऐकू येतं. पन्नास वर्षं मी गप्प.

शेवटच्या दुखण्यात एका दुपारी माझा हात धरून म्हणाली, "आता तरी खरं सांगा. काय ऐकलं हुतं तुमी?"

"वाढवा," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. जिभेला सवय पडली होती.

"मंग माजेच कान खोटे," ती म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड केलं.

इतक्या लांबून तो आवाज आमच्या फळीपाशी कसा आला, मला सांगता येत नाही. मास्तरांना विचारलं, डॉक्टरला विचारलं, कुणालाच येत नाही. तुमच्यात कुणाला येत असेल तर सांगा.

पण काय ऐकू आलं, ते मला पक्कं ठाऊक आहे. पारू, तुझे कान खोटे नव्हते. वाढाच म्हणाला होता. मीही ऐकलं होतं.