माहेरावरून गेलेली शर्यत

लग्नानंतर उमरग्याहून सोलापूरला निघालो तेव्हा ट्रंक, स्टोव्ह, पाटा-वरवंटा आणि मी एवढे एसटीत बसलो. नवरा खालीच राहिला. "तू हो पुढं, येणेगूरपर्यंत मी पळत येतो. सराव होतो," म्हणून यांनी धोतर खोचलं. सासूबाई खिडकीशी येऊन म्हणाल्या, "बायको गाडीत न् नवरा गाडीमागं. लोक म्हणतील, भांडून चाललीय."

यांचा संसार पळण्यावरच उभा होता. शाळेत मैलाची शर्यत, जत्रेत त्याहून लांबची. सोलापूरच्या गिरणीतली नोकरीही पळतात म्हणूनच मिळाली, पण कच्ची. मोकळा रस्ता म्हणून गिरणीनं उमरगा ते नळदुर्ग शर्यत ठेवली. पहिला येईल तो कायम, बाकीच्यांनी आपापल्या गावी जावं. इकडं मला चाळीतल्या दारातल्या नळाची सवय झाली होती. परत विहिरीवर जायची माझी अजिबात तयारी नव्हती.

वाटेत येणेगूर, माझं माहेर. मी आदल्या दिवशीच तिथं गेले. हे सगळ्यांच्या पुढं येताना दिसले आणि माझे वडील, आप्पा, पाण्याचा तांब्या घेऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. भावानं पाट मांडला.

"पावणं, दारावरनं तसंच निघालाव व्हय? पाय धुवा."

"मामा, शर्यत हाय."

"असू द्या की. मागच्यांचाबी चहा टाकलाय. तुमच्यासंगं आले म्हंजी आमचे पावणेच."

सासऱ्याला ओलांडून जायची यांची छाती नव्हती. पाटावर उभे राहिले. आप्पांनी गिरणीचे कॅनव्हासचे बूट ओढून काढले आणि सावकाश पाय धुतले. मागचे गडी आले, कपबशा घेऊन टेकलेही. एक लातूरकडचा तेवढा चहाला हात जोडून पुढं सटकला. आणि आप्पा आता टोपी-उपरणं आणायला वळत होते.

मी यांच्या कानाशी म्हटलं, "रुसा."

रुसलेल्या जावयाला आमच्याकडं धरून ठेवत नाहीत, त्याच्या मागं जाऊन मनधरणी करतात. हे तोंड फुगवून अनवाणीच निघाले. मागं बूट घेऊन आप्पा, "पावणं, काय कमी पडलं?" हे जितके जोरात पळतील तितका रुसवा मोठा, असं आप्पांना वाटे; आणि आप्पांचा आवाज जवळ आला की हे आणखी जोरात. लहानपणापासून अनवाणी पळालेला माणूस, बूट गेले तेच बरं झालं. नळदुर्गाच्या अलीकडं त्या लातूरकराला गाठलं आणि पहिले आले.

मागनं बैलगाडीनं आप्पा पोचले. गिरणीच्या साहेबांना म्हणाले, "नोकरीचं ऱ्हाऊ द्या सायेब, आधी ह्यांचा रुसवा काढा."

पुढं हे पुण्या-मुंबईपर्यंत पळाले. ढाली मिळाल्या, सगळ्यांत मोठी मी पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवते. मग गुडघे धरले आणि पळणं संपलं.

गाव कुठलं म्हणून विचारलं तर मी सोलापूर सांगते, रेशनकार्ड तिथलं आहे. तो रुसवा खोटा होता हे आप्पांना कितीदा सांगितलं, पण ते म्हणतात, "माझी समजूत घालू नगंस." आता त्यांना वाकवत नाही, तरी पाट आणि तांब्या दारात तयार असतो. म्हणून माहेरी जाताना एसटीनं येणेगूरच्या अलीकडचं जळकोट सोडलं की हे बसल्या जागी वाकतात आणि बुटांचे बंद सोडायला लागतात.