मोजलेले ठिपके, बसवलेले ठिपके

फस्सऽऽ! कॉलेजात शिपाई लागलो तेव्हा हा आवाज पहिल्यांदा ऐकला आणि मी काठी घेऊन धावलो. मला वाटलं, नाग निघाला. केमिस्ट्रीचे सर तेव्हा तरुण होते. पोट धरून हसले, "मामा, साप नाही, सिलिंडरचा गॅस आहे!"

तेव्हापासून लॅबमधले किस्से साचत गेले. रिकाम्या बाटल्यांसारखे. कामाचे नाहीत, पण फेकवत नाहीत. तुम्ही विचारलंच आहे, तर सांगतो.

*

सरांचं काम मला कळलं ते एवढंच. सोड्यात असतो तोच गॅस जाड पोलादी भांड्यात कोंबायचा, तापवायचा. दाब वाढला की तो धड गॅस राहत नाही, धड पाणी होत नाही. त्यात तांब्याची निळी भुकटी किती विरघळते, ते मोजायचं.

हे मोजायला मोताळ्याची वैशाली आली. काम पुरं झालं की पीएचडी, आणि पीएचडी झाली की आमच्याच कॉलेजात नोकरी. नाही झालं, तर घरी स्थळ पाहून ठेवलेलं होतं.

*

सिलिंडर आम्ही चिखलीहून आणायचो. भरून देणारा एकदा म्हणाला, "कॉलेजात सोडा इकता काय बे?"

वैशाली म्हणाली, "नाही भाऊ, यात तांबं विरघळवतो."

तो माझ्याकडे वळला. "मामा, पोरीले उन्हात नका फिरवत जाऊ!"

*

पंपाला गॅस पाण्यासारखा पातळ लागतो आणि तो सिलिंडरच्या तळाशी असतो, म्हणून आम्ही सिलिंडर चौकटीत उलटं टांगायचो. तपासणीची कमिटी येणार होती. प्राचार्य पाहून गेले. "उलटं काऊन? सरळ करा. शिस्त दिसली पाहिजे!"

सरळ केलं. पंप कोरडाच खडखडत राहिला, वैशालीचा दिवस वाया गेला. कमिटीनं शेरा लिहिला, 'अत्यंत नीटनेटकी प्रयोगशाळा!'

*

भांड्याला काचेची लहान खिडकी होती. वैशालीची आई डबा घेऊन आली आणि डोळा लावून बसली. "काय शिजवून राह्यली वं?"

"शिजवत नाही आई, विरघळवते."

"इतक्या दिवसांत चिमूटभरही नाही? माह्या घरचं मीठ पाण्यात पडलं की गायब!"

तेवढ्यात लाइट गेली. भांडं थंड होत गेलं आणि विरघळलेली भुकटी काचेवर परत बसली. आई म्हणाली, "चाल, तवरी जेऊन घे."

*

सरांनी कॉम्प्युटरवर एक रेषा काढली होती. तिला ते मॉडेल म्हणत. दाब इतका, तर भुकटी इतकी विरघळणार. ती रेषा ते पुण्याच्या परिषदेत दाखवूनही आले होते. वैशाली जे मोजायची, त्याचे ठिपके कमी दाबाला त्या रेषेवर नीट बसायचे. दाब वाढला की रेषा सोडून वर जायचे.

"तुझं मोजणं चुकतं," सर म्हणाले.

तिनं पुन्हा मोजलं. ठिपके तिथंच. आणखी मोजलं. तिथंच.

"मॉडेल चुकत नसतं!" असं म्हणून सरांनी स्वतःच ठिपके ओढून रेषेवर बसवले.

"सर, हे मी मोजलेले नाहीत."

"डिग्री पाहिजे ना तुला?"

संध्याकाळी मी तिला चहा दिला. म्हटलं, "पोरी, पिऊन घे." तिनं कप दोन्ही हातांत धरला आणि तसाच थंड होऊ दिला.

*

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. म्हातारे, माझ्याच वयाचे. पडद्यावरचे ठिपके त्यांनी चष्मा काढून पाहिले, पुन्हा लावून पाहिले.

"सर, हे इतके नेमके कसे बसले हो? मोजमापात थोडं इकडंतिकडं होतंच."

सर लगेच म्हणाले, "मोजमाप सगळं तिचं. मी फक्त मॉडेल पाहतो."

परीक्षक तिच्याकडे वळले. "सांगा बाई. हे तुम्ही मोजलेले आहेत?"

वैशालीनं सरांकडे पाहिलं. सर चहात साखर ढवळत होते. मीच दिला होता तो चहा. साखर त्यात आधीच होती.

"बाई, हो की नाही, एवढंच सांगा!"

तिनं लॅपटॉप मिटला. पडदा पांढरा झाला. मी ट्रे घेऊन दारात उभा होतो, तिला वाट द्यायला बाजूला सरलो. ती निघून गेली, डिग्रीही आणि नोकरीही तिथंच टाकून.