गाडी पुसायचं कापड

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपुरात होते. मिळेल ती गाडी धरून दुर्गला उतरले आणि तिथून रिक्षानं भिलाईला, हुडको कॉलनीतल्या भावाच्या घरी. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि रडायचंच विसरले. अंगणात बाबांना ठेवलेलं, आणि त्यांच्या पायाशी झेंडूच्या फुलांची मोटार! चाकं शेवंतीची, दिव्यांच्या जागी गुलाब. राजूनं, माझ्या धाकट्या भावानं, खास सांगून करवून घेतलेली. "ताई, बाबाले गाड्यांचा किती शौक होता ना," असं म्हणून वर त्यानं मला तिचे मोबाइलवर काढलेले फोटोही दाखवले. शी! बायका रडत होत्या आणि मी दातओठ खात उभी. आता दीड महिना होत आला, पण राग काही उतरत नाही. बाबांना गाड्या आवडायच्या म्हणजे नेमकं काय आवडायचं, हे एकदा कुणीतरी सांगायला हवं... म्हणून लिहायला बसले.

बाबा भंडाऱ्याकडच्या खेड्यातून भिलाईला आले तेव्हा कारखाना उभा राहत होता. बघावं तिकडे लाल मुरूम, खड्डे आणि धूळ. आधी त्यांनी तेच खड्डे खोदले, मग डंपरवर हेल्पर झाले आणि शेवटी एका ठेकेदाराच्या जीपवर ड्रायव्हर. जीप ठेकेदाराची, पण बाबांच्या तोंडी ती कायम 'आपली'. दुपारी जेवायला घरी आले की उतरल्यावर आधी बॉनेटवर उलटा हात ठेवायचे, लेकराचा ताप बघावा तसा. "लय दमली आज," म्हणायचे. आई आतूनच ओरडायची, "अन् मी नाही दमत वाटते? माह्या कपाळाले कधी हात लावता काय?" "तू कुठी जामुल गावापर्यंत चकरा मारून राहिली?" असं म्हणत बाबा हसत हसत पाटावर बसायचे.

बाबांची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. आम्ही नवे बौद्ध. चौदा एप्रिलला, जयंतीला घरात सगळ्यांना नवे कपडे यायचे, तेव्हा त्याच दिवशी बाबांनाही काहीतरी द्यायचं असं आईनं ठरवून टाकलं. झालं! गाड्यांचा शौकीन माणूस म्हटल्यावर जो तो गाडीच्या चित्राची वस्तू आणायला लागला. मामानं कॅलेंडर आणलं, त्यात लांबलचक विलायती मोटार आणि तिच्या टपावर पाय सोडून बसलेली एक मडम. आईनं ते त्याच संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून टांगलं. कुणी पत्र्याची मोटार दिली, कुणी मोटारीचं चित्र असलेली कपबशी. बाबा प्रत्येक वेळी "छान आहे" म्हणायचे आणि फळीवर ठेवून द्यायचे. पुन्हा ढुंकून बघायचे नाहीत. मला लहानपणी त्या फळीचा तिटकारा होता. बाबा जिवाला लावून घेतील, रोज सोबत नेतील, असं काहीतरी मला द्यायचं होतं, आणि ते काय हेच सुचत नव्हतं.

मग मी त्यांच्यावर नजर ठेवली. ठेकेदाराच्या गॅरेजात गाडी पुसायला सुताचे गुंते मिळायचे. त्यात लोखंडाचा कीस अडकलेला असायचा. बाबा तो गुंता फेकून द्यायचे आणि सदऱ्याच्या टोकानं काच पुसायचे. सदरे काळेकुट्ट व्हायचे, आणि धुताना आई त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मी आईकडे तिचं जुनं लुगडं मागितलं. धुऊन धुऊन ते सायीसारखं मऊ झालेलं. त्याचा एक चौकोनी तुकडा कापला, कडा शिवल्या. टाके वाकडेतिकडे पडले, पण पक्के होते. जयंतीच्या सकाळी ते कापड हातात पडल्यावर बाबांनी गालाला लावून पाहिलं, आणि ताटातली खीर तशीच टाकून बाहेर जीपकडे गेले. "अवो, खीर तं खा!" आई म्हणत राहिली. मी दारात उभी राहून बघत होते. इतकी आनंदात मी त्यानंतर फार वेळा नसेन.

त्याच वर्षी विश्वकर्मा पूजेसाठी गॅरेजात नवीकोरी पांढरी मोटार आली. पूजेचं जेवण असायचं, बायकापोरं जायची, तशी मीही गेले. बाबांनी सकाळपासून ती मोटार माझ्या कापडानं पुसून आरशासारखी केली होती. गॅरेजच्या हेडमिस्त्रीचं लक्ष त्या कापडाकडे गेलं. काठ दिसत होता. "किसके घर का लुगरा है ये?" बाबांनी सरळ सांगितलं, "मेरे घर का." मिस्त्रीचं तोंड असं काही वाकडं झालं, जणू पानात झुरळ निघालं. "पूजा की गाड़ी पर तेरी औरत का लुगरा?" असं म्हणत त्यानं ते काठीच्या टोकानं उचललं आणि नाल्यात भिरकावलं. मग लोटाभर गोमूत्र मागवून गाडीवर शिंपडलं, दार उघडून आतल्या नव्या सीटांवरसुद्धा! त्याच गाडीखाली आडवं पडून बाबांनी आदल्या दिवशी सगळे नट आवळले होते, ते चाललं. बाबांचा हात चालत होता, आईचं लुगडं चालत नव्हतं. नंतर प्रसादाची बुंदी वाटताना त्यानं माझ्या ओंजळीत वरूनच टाकली, बोट लागू नये म्हणून. नाकात तो वास आणि तोंडात ती गोड बुंदी... मी भिंतीआड जाऊन थुंकले. आजही कुठे बुंदी वाढली की मी ताट बाजूला सारते.

बाबा नाल्यात उतरले, कापड काढलं, सगळ्यांसमोर नळाखाली खळखळून धुतलं आणि आपल्या जीपच्या तापलेल्या बॉनेटवर वाळत घातलं. घरी येताना मी विचारलं, "बाबा, तुमाले राग नाही आला?"

"आला ना. लय आला."

"मंग त्याले मारलं कावून नाही?"

"मारलं असतं तं जीप गेली असती हातातून," बाबा म्हणाले. "पण आता मी दुसऱ्या कशानं पुसतच नाही. दर जयंतीले मले हेच देजो. तुह्या मायचंच."

आणि दिलं. कारखाना उभा राहिला, ठेकेदार गेला, बाबांना कारखान्यात पक्की नोकरी लागली, क्वार्टर मिळालं, गाड्या बदलत गेल्या. कापड तेच. आई गेल्यावर तिची लुगडी संपली, मग माझ्या जुन्या सुती साड्या. बाकीच्यांच्या भेटी यायच्याच: मोटारीच्या आकाराचं घड्याळ, मोटारीची चावी अडकवायची साखळी... राजूनं तर एकदा मोटारीचं चित्र असलेली उशी दिली. हट्!

राजूनं मोटार घेतली, तेव्हा बाबा थकले होते. पण रोज सकाळी काठी टेकत बाहेर जायचे आणि ती पुसायचे. गेल्या दिवाळीत मी तिथेच होते. राजू कामाला निघाला होता. शेजारचा कुणी साहेब फाटकाशी उभा राहून म्हणाला, "ड्राइवर अच्छा रखा है आपने." राजू लाजेनं लाल झाला. "मेरे फादर हैं," एवढंही त्याच्या तोंडून निघालं नाही. तो साहेब गेल्यावर त्यानं बाबांच्या हातातलं कापड काढून घेतलं, दोन बोटांच्या चिमटीत लांब धरलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. "बाबा, ओरखडे पडतात न याच्यानं. काय हे घाणेरडं कापड!" त्याच संध्याकाळी गाडीला जाड कव्हर आलं, नाड्या बांधून. बाबा डब्याकडे बघत राहिले. त्या वेळी ते नाल्यात उतरले होते; आता वाकवत नव्हतं. मी काढून आणलं, धुतलं. त्यांनी घेतलं नाही. "राहू दे सुले," म्हणाले. त्या दिवसानंतर ते अंगणात आलेच नाहीत, खाटेवर पडून राहायचे. मिस्त्रीचा निदान मला तिरस्कार करता येतो... हा तर आमच्या आईच्या पोटचा. तिच्याच लुगड्याच्या झोळीत झोपलेला.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बाबांच्या श्रद्धांजलीच्या दिवशी सकाळी मंडप घातला होता, माईक लावला होता. बाबांचं गाड्यांवरचं प्रेम यावर राजू भाषण करणार होता. मी आंघोळ करून नवी पांढरी साडी नेसले आणि बाहेर येऊन त्याच्या मोटारीच्या कव्हराच्या नाड्या सोडल्या. आत बारीक धूळ साचली होती. बाबा नेहमी दिव्यांपासून सुरुवात करायचे, "आधी डोये पुसाचे, मंग तोंड." मी पदर हातात घेतला. आधी दिवे पुसले, मग काच, मग बॉनेट. राजू धावत आला. "ताई, काय करून राहिली? लोक बघून राहिले!" मी उत्तर दिलं नाही. चाकांजवळचा चिखलही पुसून काढला. पदर काळा झाला. तो नीट खांद्यावर घेतला आणि जाऊन पहिल्या रांगेत बसले, राजूच्या बरोब्बर समोर. त्यानं माईक हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं... आणि भाषणाचा कागद घडी घालून खिशात ठेवला.