पर्समधली तुपाची डबी

नवी सून असताना मी सासूबाईंचं घाण्यावरचं करडईचं तेल माळ्यावर ढकललं आणि पाण्यासारखं रिफाइंड तेल आणून गल्लीभर मिरवले. केवढी शहाणी होते मी! आता माझी नात तब्येतीला वाईट म्हणून बियांच्या कुठल्याच तेलाला शिवत नाही. लातूरच्या नव्या हॉटेलात तिनं काउंटरवर विचारलं, "तेल कोणतं?"

"सोयाबीनचं."

ती माघारी वळली. आम्हा दोघींचं महिन्यातून एकदाचं बाहेरचं जेवण बुडत होतं. मी पर्समधून तुपाची डबी काढून काउंटरमागच्या आचाऱ्यापुढे धरली. "बाबा, तिचं पनीर ह्याच्यात परतून दे की."

"आजी, पर्समध्ये तूप?" नात लाजून लालेलाल.

आचारी हसला. "हाव आजी, तवा धुऊन घेतो."

नात बोटं चाटून जेवली. निघताना आचारी म्हणाला, "डबी राहू द्या इथंच. पुढच्या महिन्यात लागंल."