आतोबांची जीभ

देवानं माणसाला जीभ बोलण्यासाठी दिली, हे आमच्या आतोबांना ब्रह्मदेवानंही पटवून दिलं नसतं. त्यांच्या मते जीभ दिली ती निवाडा करायला. बोलणं हा तिचा फावल्या वेळचा उद्योग.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. चिंचवडला राहायचे. इंग्रज होते तोवर ते खडकीच्या छावणीत, साहेबांच्या मेसच्या कोठारावर नोकरीला होते. तिथं लाकडी पिंपांतून बिअर यायची आणि नव्या पिंपाचा पहिला घोट आतोबांचा असायचा. बिअर आंबली आहे का, पिंपाचा वास लागलाय का, सगळं एका घोटात सांगायचे. दुसरा घोट ते कधी घेत नसत. "दुसरा घोट प्यायचा असतो, पहिला पारखायचा," असं म्हणायचे. संध्याकाळी घरी आले की आत्या दारातच तुळशीचं पान पुढं करायची. ते चावून, पाय धुऊन मगच आत येत आणि शांतपणे गणपतीच्या आरतीला उभे राहत. या दोन्ही गोष्टींत काही विसंगत आहे असं त्या घरात कुणालाच वाटलं नाही.

मग दारूबंदी आली आणि पिंपं गेली. नोकरी तर त्याआधीच गेली होती. पण सवयीच्या जिभेला घरी कसं बसवायचं? तेव्हा आत्यानंच आल्याची बिअर करायला घेतली, नावाचीच बिअर, नशा नाही, नुसता फेस. आलं, गूळ, लिंबू, चार दिवस बरणीत, मग बाटल्यांत भरून बुचांना सुतळी. पुढं जांभळाची झाली, कैरीची झाली. आतोबा पेला उजेडाला धरत, वास घेत, घोट तोंडात घोळवत खिडकीपर्यंत जात आणि पाठमोरे उभे राहत. घरात कुणी खोकायचंसुद्धा नाही. मग निकाल यायचा. "कैरीची उतावळी आहे. जांभळाची बरी, पण जांभूळ फार उशिरा येतं." एकदा उन्हाळ्यात बाटल्या धडाधड फुटल्या आणि आवाज ऐकून पोलीस जमादार दारात उभा राहिला. आतोबांनी त्याला पाटावर बसवलं, तिन्ही चवी दिल्या आणि प्रत्येकीवर त्याचं मत विचारलं. "काका, ह्यात गुन्हा काय न्हाई," जमादार तोंड पुसत म्हणाला, "पर जांभळाची एक बाटली घरी दाखवाया न्यावी लागंल."

मी तेव्हा पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागलो होतो. शिफ्ट सुटली की सायकल चिंचवडकडं वळायची. त्याच सुमारास आतोबांना विषमज्वर झाला. त्यातून उठले, हिंडूफिरू लागले. एका संध्याकाळी आत्यानं आम्हा दोघांना पेले दिले. आतोबा खिडकीशी जाऊन आले आणि गंभीरपणे म्हणाले, "आलं छान उतरलंय." मी घोट घेतला. नुसतं गूळ-लिंबाचं पाणी! आजारपणाच्या धांदलीत आत्या आलं घालायलाच विसरली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि हळूच ओठांवर बोट ठेवलं. तापानं आतोबांची चव नेली होती. मी "छान" म्हणून पेला संपवला.

त्या दिवसापासून आत्या स्वयंपाकघरात स्वतःशीच मोठ्यानं बोलू लागली. "अगं बाई, आज आलं जरा जास्तच पडलं!" मग पेला बाहेर यायचा आणि आतोबा डोळे मिटून म्हणायचे, "आलं जास्त झालंय." पंचक्रोशीत त्यांच्या जिभेचा मान होता. तो गेला असता तर त्या माणसाजवळ दुसरं काही उरलं नसतं, हे तिला ठाऊक होतं.

मोशीच्या एका लग्नात मात्र कठीण प्रसंग आला. यजमानानं आतोबांच्या नादानं मांडवात आल्याची बिअर केली होती. भर पंगतीत पेला पुढं करून तो म्हणाला, "पावनं, आमची कशी हाय, सांगा की!" सगळे हात थांबले. आतोबांनी घोट घेतला. मांडवात खिडकी नव्हती. ते उठून पेला घेऊन खांबापर्यंत गेले आणि तसेच परत फिरले. तेवढ्यात चुलाणापासून, बायकांतून आवाज आला, "अगं बाई, लिंबू फारच पिळलं की गं यात!" चार पुरुषांत आत्याचा आवाज त्याआधी कुणी ऐकला नव्हता. सासरची माणसं चमकून बघू लागली. तिनं पदर सावरला, पण मान खाली घातली नाही.

"लिंबू पुढं गेलंय," आतोबा म्हणाले. "आलं मागं राहिलं."

"व्हय व्हय, आमी बी तेच म्हणत हुतो!" यजमान खूश झाला.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षातच आत्या गेली.

दिवस झाल्यावर काही आठवड्यांनी मी तिच्या पद्धतीनं बिअर करून घेऊन गेलो. आतोबांच्या स्वयंपाकघरात पेला भरला आणि भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणालो, "आलं जरा जास्तच पडलंय वाटतं!" माझाच आवाज मला कसानुसा वाटला. बाहेर आलो. आतोबांनी पेला उजेडाला धरला, घोट घोळवला, खिडकीपर्यंत गेले. तिथं पाठमोरे उभे राहिले.

"तिच्या हातची नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी दुसरा घोट घेतला.