खांबाभोवतीची फट

उरणच्या दयारामला जमिनीत चीर म्हणून बघवत नसे. बघवणार कशी? अर्धी उमर मिठागरात गेलेली. बांधाला केसाएवढी चीर पडली तरी पाणी निसटतं आणि सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं. त्याचा बाप कोंडाजी भरल्या ताटावरून उठून चिखल लिंपायला धावायचा. काय दिवस होते ते! पुढे मिठागरं भरावाखाली गेली, वर कंटेनर रचले गेले आणि दयाराम टेकडीवरच्या कॉलेजात शिपाई म्हणून लागला.

तिथं सुचिता मॅडमची प्रयोगशाळा. मधोमध थेट खडकातून उठवलेला खांब, त्यावर आरसे आणि लेझर. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा उमटायच्या. त्या स्थिर राहिल्या तरच मोजमाप खरं. पण गेला महिनाभर टेकडीखालच्या रस्त्यानं कंटेनरचा ट्रेलर गेला रे गेला, की रेघांचा थयथयाट! मॅडमनी रबर घातलं, पंखे बंद केले, काही उपयोग नाही.

"सोमवारी यंत्र पुण्याला हलवायचं," त्या वैतागून म्हणाल्या. "इथली जमीनच धड नाही."

जमीन धड नाही? दयारामला ते बापाला बोलल्यासारखं झोंबलं. चटई सारून तो खांबाशी उकिडवा बसला, फरशीवर तळहात टेकला. ट्रेलर गेला. थरथर फरशीतून सिमेंटात आली, सिमेंटातून खांबात शिरली.

सिमेंट! खांबाभोवतीची बोटभर फट महिन्यापूर्वी त्यानंच बुजवली होती. वर चटईही नीट अंथरली होती, शहाण्यानं!

निवृत्तीला सहा महिने उरलेले. गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? तरी तो बोलला.

"मॅडम, जमिनीला बोल लावू नका. ती फट मीच बुजवली. चीर दिसली, राहवलं न्हाय."

"अहो काका, ती मुद्दाम ठेवली होती! फरशीचे हादरे खांबाला लागू नयेत म्हणून."

मॅडमनी कपाळावर हात मारला, मग हसल्या. आरसे झाकून दयारामनं दुपारभर छिन्नीनं फट मोकळी केली. अंगाच्या उबेनंही रेघा ढळतात, म्हणून मॅडमनी खोली निवू दिली. ट्रेलर गेला. रेघा जागच्या हलल्या नाहीत.

"या, जवळून बघा."

"नको. माझ्या अंगाची ऊब लागंल, रेघा ढळतील."

तो उंबऱ्यातच थांबला. मीठ धरू लागलं की कोंडाजी वीस वर्षांच्या दयारामलाही असंच बांधावर अडवायचा. "पाणी हलवू नको. बसू दे मीठ."

दयारामचे डोळे भरून आले.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "बसलं."