तीन गाडगी दही आणि खालांची ईद

आनंदावर विरजण पडलं, असं लोक नुसतं म्हणतात. मी ते स्वतःच्या हाताने, तीन गाडग्यांत घातलेलं आहे.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. लग्न होऊन मानवतला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. सासऱ्यांचं कापसाचं दुकान, गोठ्यात चार म्हशी, घर लिंगायताचं, म्हणजे सकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय कुणाच्या घशाखाली पाणी उतरायचं नाही. आणि घरात आत्याबाई. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या दुधादुभत्याचा गल्लीत दरारा होता. म्हशी त्यांचं ऐकून दूध द्यायच्या, असं मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणायचे (आत्याबाई घरात नसताना).

दोनच दिवसांपूर्वी मी रात्रीचं विरजण लावायला विसरले होते. मामाजींना ताटात दही मिळालं नाही. आत्याबाई रागावल्या नाहीत. नुसतं विचारलं, "तुज्या माहेरी भाकर कशासंगं खात्यात गं? वाऱ्यासंगं?" त्यापेक्षा रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

आमच्या भिंतीला भिंत लागून पेशकारसाबांचं घर. साहेब तहसिलीत होते. त्यांच्या बायकोला, चांदबींना, सगळी गल्ली खाला म्हणायची. आणि गावात एक रीत होती. रमजान संपल्याचा चांद दिसला की हिंदूंच्या घरातलं सगळं दूध ईदीचं. त्या संध्याकाळी कुणी दही लावायचं नाही, चहाला थेंब घ्यायचा नाही. सकाळी ते शेजारी पोचवायचं, शिरखुर्म्याला. ही रीत इतकी जुनी होती की ती कुणी कुणाला सांगतच नसे. मलाही नाही सांगितली. माझं माहेर गंगाखेडकडचं खेडं. तिथे मुसलमानांचं एकच घर, त्यांच्या दारात दोन शेळ्या, आणि दूध तेच आम्हाला द्यायचे.

त्या वर्षी खालांच्या मुलाचं नवं लग्न झालेलं. सुनेच्या माहेरची मंडळी परभणीहून पहिल्यांदाच ईदीला येणार होती. व्याह्यांसमोर शिरखुर्मा पातळ निघाला तर जन्मभराचं बोलणं! म्हणून आत्याबाईंनी संध्याकाळचं दूध स्वतः चुलीपुढे बसून आटवलं, तीन गाडगी भरून ठेवलं. तेवढ्यात गल्लीत "चांद दिखा, चांद दिखा" असा गलका झाला, आणि त्या खालांकडे मुबारकी द्यायला गेल्या.

मी माजघरात येऊन बघते तर तीन गाडगी, कोमट, वर जाड साय, आणि विरजणाचा पत्ता नाही.

खरं सांगते, मला घाबरायला हवं होतं. मला आनंद झाला. आत्याबाई विसरल्या! ज्यांनी मला वाऱ्यासंगं भाकर खाऊ घातली, त्या स्वतः विसरल्या! आता सकाळी त्यांना घट्ट दही दाखवायचं आणि अगदी साधेपणाने म्हणायचं, "राहिलं होतं वाटतं, मी लावलं." हे वाक्य मी तीनदा घोकलं. लागलं नाही तर फजिती नको, म्हणून विरजणही दुप्पट घातलं.

सकाळी दही असं लागलं होतं की गाडगं उलटं केलं असतं तरी सांडलं नसतं. मी एक गाडगं उचलून मोठ्या दिमाखात देवघरापाशी गेले. आत्याबाई तळहातावर लिंग घेऊन डोळे मिटून बसल्या होत्या. पूजा चालू असताना त्या बोलत नसत. त्यांनी एक डोळा उघडला. गाडग्याकडे पाहिलं. मग दुसराही उघडला. पूजेत इतका वेळ दोन्ही डोळे उघडे ठेवलेल्या आत्याबाई मी पुन्हा कधी पाहिल्या नाहीत.

लिंग गळ्यात परत घालून त्या उठल्या.

"काय केलंस हे?"

"दही लावलं. राहिलं होतं वाट..."

"किती?"

"सगळं."

मग त्यांनी ती रीत मला सांगितली. लग्नाआधी सांगायला हवी होती अशी ती गोष्ट मी उंबऱ्यात उभी राहून ऐकली, हातात ते गाडगं तसंच धरून. सकाळची धार मामाजींनी उजाडताच गल्लीतल्या बाकीच्या पाच मुसलमान घरी पोचवून टाकली होती. पुरुषमाणसं ईदगाहकडे निघाली होती. नमाज पढून ती परतायच्या आत खालांच्या चुलीवर दूध चढायला हवं होतं.

मामाजी गवळ्याकडे धावले आणि रिकामी चरवी घेऊन आले. "एक थेंब न्हाई. गावात आज दूध इचारणारा मीच एकटा येडा." मग बराच विचार करून म्हणाले, "दह्याचं परत दूध करता येत न्हाई का?"

आत्याबाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मामाजी दुकानाची किल्ली शोधायला लागले.

मी चरवी घेऊन गोठ्यात गेले. तासाभरापूर्वी पिळलेल्या म्हशीखाली बसले आणि तिची गयावया केली. तिने लाथ मारली नाही. वळून फक्त पाहिलं, अगदी आत्याबाईंसारखं. मला तिथेच शेणात बसून रडू आलं.

आत्याबाई दारात आल्या. "रडून दूध निघत नसतंय. आज सोमवार हाय. मठात म्हादेवाच्या अभिषेकाला घागरभर दूध येतंय मळ्यातून. जा, अय्यांना माग."

"मी?"

"मंग कोण, म्हैस?"

मठातले अय्या म्हणजे आमच्या सगळ्या घराण्याचे गुरू. त्यांच्यासमोर आमचे हे सुद्धा मान वर करत नसत. मी डोक्यावरून पदर ओढून, घागर काखेत घेऊन गेले. अय्या गाभाऱ्यापुढे बसले होते, दुधाची घागर शेजारीच. पाया पडले आणि पायावरच डोकं ठेवून सगळं सांगितलं. दुप्पट विरजणाचंसुद्धा.

वर पाहिलं तर अय्यांचं पोट हलत होतं.

"दुप्पट घातलंस?"

"हौ."

"ने बाई, ने. म्हादेवानं हलाहल पचवलंय. एक सोमवार पाण्यानं आंघोळ केली तर काय सर्दी हुनार न्हाई त्याला."

मी दूध घेऊन कशी आले ते मला आठवत नाही. मागच्या दारातून शिरले, घागर चुलीवर चढवली आणि हुश्श करून टेकले, तोच भिंतीपलीकडून खालांचा आवाज आला. मग खालाच आल्या. नवी ओढणी, हाताला वेलदोड्याचा वास, आणि चेहरा पडलेला. मला वाटलं, यांना कळलं!

"बहेन," खाला आत्याबाईंना म्हणाल्या, "बोलते हुए शरम आती. मेहमान आनेवाले, आन् मी दहीवडे करते म्हून सांगून बसले. बिर्यानीला बी लागतंय. पर दही कुठं? आज साऱ्या गावात कुणी दही लावलंच न्हाई ना. वाटीभर असंल का तुमच्याकडं?"

माजघरात तीन गाडगी तिथेच, पदराआड होती. माझ्याच पदराआड.

आत्याबाईंनी डोळ्याचं पातंही हलवलं नाही. "वाटीभर कशाला? तीन गाडगी हायत. ईदीला दही लागनारच की. म्हून आमच्या सुनंनं मुद्दाम लावून ठिवलंय."

खालांनी माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "कितनी अक्कलवाली बहू है!" मी मान खाली घातली. खालांना तो विनय वाटला.

पाहता पाहता बातमी गल्लीभर गेली आणि वाट्या, तांबे, पातेली घेऊन बाकीच्या घरांतूनही बायका आल्या. दही दहीवड्यांत गेलं. बाकी कशाकशात गेलं ते आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही (शेजार असाच टिकतो). तापलेलं दूध मी खालांकडे पोचवलं, आणि नमाजहून मंडळी परतली तेव्हा खालांकडे महादेवाच्या दुधाचा शिरखुर्मा रटरटत होता. परभणीच्या व्याह्यांनी म्हणे तीन-तीन वाट्या घेतल्या. हे ऐकलं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

दुपारी खालांकडून आमचा शिधा आला. आमच्याकडे त्यांचं शिजवलेलं चालत नसे, म्हणून त्या दर ईदीला कोऱ्या सुपात शेवया, साखर, खारीक, खोबरं पाठवायच्या. म्हशींची धार व्हायला अजून वेळ होता. मामाजी तोवर थांबायला तयार नव्हते. त्यांनी शेवया गाडग्याच्या तळाला राहिलेल्या दह्यात कालवून खाल्ल्या आणि एवढंच म्हणाले, "निदान दही तर मिळालं."

भांडी घासताना आत्याबाई माझ्याजवळ आल्या. "मठात गेलीस ते बरं केलंस. पर एक ध्यानात ठेव. पुना माजी चूक काढायला जाऊ नको."

त्यांना सगळं कळलं होतं. ते घोकलेलं वाक्यसुद्धा, बहुतेक.

आता आत्याबाई नाहीत, खालाही नाहीत. पण गल्लीत ईदीचं दही अजून आमच्याकडूनच जातं, तीन गाडगी, माझ्या हातचं. दूध मात्र माझी सून सांभाळते. चांद दिसला की ती दुधाच्या कपाटाला कुलूप लावते, आणि किल्ली घरात ठेवत नाही. भिंतीपलीकडे खालांच्या नातसुनेकडे देऊन येते.